क्रातेरोसच्या मानेवरचा पाय

सेनापती क्रातेरोसने तांबडे बूट शिवायला टाकलेत, हे मला सकाळी मोच्याकडून कळलं. कॉन्स्टँटिनोपलात तांबडे बूट फक्त सम्राटाच्या पायात. सम्राट थेओक्तिस्तोस डॅन्यूब नदीपार बल्गारांशी लढत होते. बरेच दिवस निरोप नव्हता आणि क्रातेरोसला गादीची घाई झाली होती. तो बसला की सम्राटांच्या तान्ह्या लेकाचे डोळे काढणार, कारण आंधळ्याला आमच्याकडे गादी मिळत नाही. मी महालातला खोजा. ते पोर माझ्याच मांडीवर वाढत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी रथांच्या मैदानावर सारं शहर लोटलं. सम्राटांच्या सज्जात राणी बसली होती, शेजारी पोराला घेऊन मी. क्रातेरोस थेट तिथं चढला.

"खोजेबुवा, आणा त्याला इकडे. काकाच्या मांडीवर बसू दे जरा."

"आधी त्याच्या बापाला विचारा," राणी अँथूसा म्हणाली.

"कुठं विचारू, राणीसाहेब? नदीच्या तळाशी जाऊन?"

तेवढ्यात खाली एकच गलका उठला. मैदानातल्या वाळूतून सम्राट चालत येत होते. एकटेच, पायांत तांबडे बूट.

ते सज्जात चढून आले. मी जात्याच संशयी. तोतया असेल म्हणून निरखून पाहिलं. भुवईवरचा वण, किंचित उतरलेला डावा खांदा, तेच होते. फक्त अंगाला गाळाचा वास येत होता.

क्रातेरोस आपणहून पालथा पडला. हरलेल्या शत्रूच्या मानेवर ठेवतात तसा सम्राटांनी त्याच्या मानेवर पाय ठेवला. मग स्वतःच्या हातांनी लेकाच्या डोक्यावर मुकुट ठेवला.

"औक्षवंत व्हा!" सारं मैदान गर्जलं. मी ढसाढसा रडलो. जिंकलो होतो आम्ही!

सम्राट महालाच्या जिन्याकडे वळले. झगा उतरवायला मी मागोमाग धावलो.

जिन्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी जहाजातून त्यांचं प्रेत आलं. नदीत बुडून कितीतरी दिवस झालेले. तांबडे बूट बल्गारांनी काढून नेले होते.

राणी रडली नाही. "मुकुट बापानंच घातलाय," ती ताठ मानेनं म्हणाली. "साऱ्या शहरानं पाहिलंय."

क्रातेरोसला साधू करून मठात धाडायचं ठरलं. कोठडीत न्हावी त्याचे केस उतरवत होता.

"खोजेबुवा, त्या पायाला वजनच नव्हतं हो," तो पुटपुटला. "पण मान उचलता येईना."

"पापाचं वजन असेल."

मानेवरचे केस गळून पडले. न्हाव्याचा हात थांबला.

कातडीवर पाच बोटं उमटली होती, उघड्या पायाची. गाळ अजून ओला होता.