पोचवे आणि आळीचं तोंड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. सूर्यावर मोठं वादळ उठलं आहे, आकाशातले उपग्रह मुके झाले आहेत आणि वाट दाखवणारा एकही नकाशा चालत नाही. अशा वेळी अनोळखी घर कसं शोधाल?

हेमांगीच्या शहरात अगदी असंच झालं आणि पंचाईत झाली ती पोचवेची. पोचवे म्हणजे घरोघरी सामान पोचवणारा यंत्रमानव. हे आडनाव हेमांगीनंच त्याला दिलेलं. दोन पुडकी त्यानं भलत्याच घरी दिली होती. आज तिसरं चुकलं, तर संध्याकाळी त्याची रवानगी भंगारात!

पुडक्यावर पत्ता होता : 'वैद्य, कासार आळीच्या तोंडाशी.' आणि पोचवे तासभर चौकातल्या एका भिंतीसमोर उभा होता.

"अरे, करतोयस काय?" हेमांगीनं विचारलं.

"तोंड उघडायची वाट बघतोय."

तिच्यासोबत आलेले भाऊआजोबा खो खो हसले. त्यांचा सारा जन्म नगररचनेत (शहर कसं वसवावं, त्या शास्त्रात) गेला होता. "वेड्या, आळी जिथे सुरू होते ते तिचं तोंड! पण रस्त्याला चेहरा असतो, हे मात्र खरं."

"मग नाक कुठे आहे?"

"नाक्यावर!" हेमांगी म्हणाली.

चौकातून दोन आळ्या फुटत होत्या. विजेवरच्या पाट्या कोऱ्या पडल्या होत्या.

"तुझ्याकडे कासार आळीचं जुनं छायाचित्र असेल ना?" आजोबांनी विचारलं.

"आहे. त्यात लाल सायकल आहे, भाजीवाली आहे. इथे दोन्ही नाहीत. काहीच जुळत नाही."

हेमांगी एकदम ओरडली, "सायकल निघून जाईल रे! जे जागचं हलत नाही, ते बघ!"

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. "आधी घरांची उंची आणि रस्त्याची रुंदी ताडून बघ. उंच घरं, अरुंद रस्ता, म्हणजे कुशीत शिरल्यासारखं वाटतं. मग दर्शनी भाग (घराची रस्त्याकडची बाजू) : खिडक्या किती अंतरावर, सज्जे कुठल्या रेषेत. झाडं, पायाखालची फरसबंदी. आणि नजर शेवटी कुठे जाऊन थांबते, तेही. माणूस आपण नुसत्या नाकावरून ओळखतो का? हे सगळं मिळून चेहरा होतो."

पोचवेचे डोळे लुकलुकले. "डावीकडे बुटकी घरं, रुंद रस्ता, सरळ शेवटी पाण्याची टाकी. उजवीकडे उंच घरं, एका ओळीत लाकडी सज्जे, काळी फरसबंदी आणि पुढे वळण. छायाचित्रातही वळण आहे!"

तो उजवीकडे धावत सुटला. हेमांगी श्वास रोखून बघत राहिली. पहिलंच दार उघडलं.

"वैद्य?"

"हो रे बाबा, मीच! आणलंस एकदाचं?" आतून एक काकू म्हणाल्या.

हेमांगीनं चौकातच उडी मारली. पोचवे वाचला!

परत येताना तो ऐटीत म्हणाला, "आता कुठलाही रस्ता ओळखीन. फक्त तुमची नवी गल्ली सोडून. एकशे बारा घरं, सगळी राखाडी, झाड एकही नाही. तिला चेहराच नाही."

 घरी गेल्यावर हेमांगीनं पिवळ्या रंगाचा डबा शोधून दाराशी ठेवला. पण आधी कुदळ उचलली आणि दारासमोर खड्डा खणायला घेतला. रंग काय, उद्याही देता येईल. झाडाला मात्र वाढायला वेळ लागतो ना!