झालरीखालचा कॉम्प्युटर

मी सांगतो त्यावर कामरगावात कुणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं घरच्या घरी असा कॉम्प्युटर जोडला होता, की नवरी सासरी पोचायच्या आत तिच्या लग्नाची कॅसेट तयार! वरात अजून रस्त्यातच, अन् इकडे नवरीची माय स्वतःचंच रडणं स्क्रीनवर पाहून नव्यानं रडते आहे. वाटतं ना खोटं? वाटू द्या. मी, पंजाबराव, समोरच्या ओट्यावर बसून सारं पाहिलं. माझी नजर अजून पक्की आहे... चष्मा सोडला तर.

पोरीचं नाव सुकेशनी. लग्नांचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे, गाणी घालून द्यायचे, हा तिचा धंदा. एप्रिलात ती कारंज्याहून सगळं सामान घेऊन निघाली. काळीपिवळी जीपमध्ये गुडघ्याला गुडघा. तिच्या मांडीवर प्रोसेसरचा डबा, दोन्ही हात त्याच्याभोवती. समोर एक सावळा तरुण. मी मागच्या सीटवर, डोळे अर्धे मिटून, कान पूर्ण उघडे ठेवून.

"तान्ह्या लेकरावानी धरलं तुमी त्याले," तो म्हणाला.

"तुमाले काय करा लागते?"

"काही नाही... गचका बसला तर सांगा. मी धरीन."

"डबा?"

"हो. डबाच."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं—नांगरून ठेवलेली काळी वावरं अन् ऊन. तरी कामरगाव येईपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली, अन् कानाच्या पाळ्या मात्र लाल.

तो धम्मरत्न. कारंज्याच्या एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचा. ती उतरताना त्यानं डब्यावर पेनानं आपला नंबर लिहिला. "चालू नाही झाला, तर."

"होईन चालू," ती म्हणाली. "मी जोडनार हाय."

झालाही चालू. पण चालायचा असा, की हळदीचा एक फोटो उघडेपर्यंत तिकडे नवरीच्या अंगावरची हळद सुकून गळून पडायची. सुकेशनीनं चार दिवस ताठा धरला. पाचव्या दिवशी तिनं तो रिकामा डबा शोधला.

नंबर लावला, अन् धम्मरत्न आला. मागं वाकून पाहिलं, अन् हसला.

"एवढं भारी ग्राफिक्स कार्ड घेतलं, अन् स्क्रीनची वायर शेजारच्या भोकात? हे म्हंजे पाहुन्याले जेवाले बोलावलं अन् ताट शेजाऱ्यापुढं वाढलं!"

"दिसाले सारखेच हायेत ते."

"दिसाले सारखं असलं तरी एकच आपलं असते," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, अन् घाईघाईनं डोकं पुन्हा कॅबिनेटमागं घातलं.

वायर बदलली. मग मशीन बंद-चालू करून त्यानं आतलं एक सेटिंग उघडलं. मेमरी अर्ध्या जोरावरच चालली होती. पूर्ण जोर आपल्या हातानं चालू करावा लागतो म्हणे. त्यानं स्वतः नाही केलं. तिला म्हणाला, "तुमी जोडला ना? तुमीच दाबा." तिनं दाबलं. अन् मशीन असं सुटलं, की पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर एप्रिलातून थेट जुलैत गेलं. हे मी पाहिलं. शप्पथ.

तो गेल्यावर चंपाबाई, सुकेशनीची माय, कामाला लागली. चंपाबाईच्या घरात उघडं काहीच राहत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. नव्या कॉम्प्युटरला तिनं अस्तर लावून, खाली लाल झालर जोडून, वर दोन पोपट भरून असं कव्हर शिवलं की काय सांगू! चालू मशीनवरही तेच. धूळ बसते ना.

तिसऱ्या दिवशी मशीन दुपारी एक वाजताच दमलं. पुन्हा फोन. धम्मरत्ननं झालर वर केली, कॅबिनेटला हात लावला अन् झटकन मागं घेतला.

"काकू, ह्याच्यावर पोया भाजता येतीन!"

"नवी वस्तू हाय बाप्पा. उघडी कशी ठेवा?"

"तापलं का ते आपल्या मनानंच हळू होते. ह्याले श्वास घिऊ द्या, काकू. मंग पाहा कसं पयते."

चंपाबाई समजूतदार बाई. कव्हर घडी करून पेटीत ठेवलं. त्या दिवसापासून मशीन खरोखर पूर्ण जोरानं पळू लागलं. वर मी कॅसेटचं सांगितलं, ते तेव्हाचं.

पण मशीन नीट चाललं म्हणजे मेकॅनिक कशाला येईल?

आठ दिवस गेले, दहा गेले. सुकेशनी खिडकीपाशी बसून लोकांचे नवरा-नवरी जोडायची. काळीपिवळी थांबल्याचा आवाज आला, की तिचा हात माउसवरच थांबायचा. कुणी म्हातारी उतरायची, कुणी बाजारातून परतलेलं. तिचा हात पुन्हा चालू व्हायचा—हळूच, मन नसल्यासारखा. फोन हातात घ्यायची, नंबर काढायची, ठेवून द्यायची. काय सांगणार? चांगलं चाललं आहे, या?

अकराव्या दिवशी चंपाबाई वावरात गेलेली. मी ओट्यावर. समोरच्या खिडकीत पाहतो, तर सुकेशनीनं पेटी उघडली, ते कव्हर काढलं, झटकलं... अन् स्वतःच्या हातानं मशीनला घातलं. पुढ्यात तीन लग्नांचं काम पडलेलं! झालरीची कडा तिनं हातानं नीट बसवली, कुठून वारा जायला नको. मग हनुवटीला हात लावून बसली, ते तापायची वाट पाहत.

दुपारी धम्मरत्न हजर.

"काकूनं पुन्हा घातलं?"

"हं," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला एवढंच जमायचं.

तो कव्हर काढायचा, चहा प्यायचा. चहा अर्धा कप, गप्पा तासभर.

"तुमाले कटाळा नाही येत काय, एवढ्या उन्हातान्हात?"

"काकूच ऐकत नाहीत, तर काय करा..." तो कपात पाहून म्हणायचा. "तुमाले येते काय, मी आल्याचा?"

"चहा थंडा होऊन राह्यला," ती म्हणायची.

असं चारदा झालं. तो भला माणूस चारही वेळा चंपाबाईलाच हट्टी समजला.

पाचव्यांदा तो न बोलावताच आला. पुण्याला नोकरी लागली होती, संध्याकाळची ट्रॅव्हल्स. त्यानं मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम घातला. गरम झालं की शिट्टी वाजणार.

"आता मले बोलवाचं काम नाही पडनार," तो म्हणाला. "ते स्वतःच सांगीन."

"चांगलं झालं," ती म्हणाली.

स्क्रीनवर कुणाचा तरी अंतरपाट धरलेला होता अन् चित्र तिथंच थांबवलेलं होतं.

तो उठला. ती दारापर्यंत आली. तो वळला... अन् नुसतं "काकूले सांगजा" म्हणून निघाला.

मीही मागोमाग स्टॅंडवर. काळीपिवळी उभी. ड्रायव्हर वीरेंद्र सीट भरल्याशिवाय हलत नाही, अन् एकच सीट बाकी. धम्मरत्न आत, खिडकीशी. इतक्यात सुकेशनी आली. हातात रिकामी पिशवी. कोथिंबीर घ्यायला म्हणे! कोथिंबिरीवाला दोन ढांगांवर, पण ही जीपच्या खिडकीपाशी खिळलेली. दोघं नुसते एकमेकांकडे पाहतात. मला राहवलं नाही. मी एक पाय आत टाकला, एक बाहेर ठेवला.

"आबाजी, बसता का उतरता?" वीरेंद्र ओरडला.

"थांब ना गा. ह्या पोराले एक गोष्ट सांगतो, मंग बसतो." मी सगळ्या जीपला ऐकू जाईल असा आवाज लावला. "धम्मरत्ना, बेफिकीर जाय पुन्याले. ते कव्हर का नाही, चंपाबाईच घाले. लय हट्टी बाई! ह्या पोरीले तर काही मालूमच नव्हतं. तू ये का नको ये, हिले काय फरक पडते? परवा मलेच म्हने, तो सारखा सारखा येते, माह्या कामाचा खोयंबा होते. जाईन तर बरं होईन—"

"साफ खोटं!"

कोथिंबिरीवाल्याचा हात तसाच राहिला. वीरेंद्रनं इंजिन बंद केलं.

"साफ खोटं बोलून राह्यले तुमी, आबाजी! मी कवा म्हनलं असं? अन् माय तर वावरात राहे. मी घालत होती ते! चारी खेपा, मीच... ह्यानं यावं म्हनून!"