शे आणि वट

दुसऱ्याला हसणं हे मनाचं औषध आहे आणि हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे, असं आमचे मानसशास्त्राचे सर सांगत. एकदा हे सांगता सांगताच ते पायरीवरून घसरले. अख्ख्या वर्गाने औषध घेतलं. सरांनी दोघांना बाहेर काढलं.

त्यातली एक मी. दुसरा हिलाल.

जळगावचं कॉलेज, सत्त्याऐंशी साल. व्हरांड्यात डिसेंबरचं कोवळं ऊन होतं.

"तू का हसलास?" मी विचारलं.

"मी कुठे हसलो? तुझ्याकडे पाहत होतो. सरांना वाटलं, तोंड उघडं म्हणजे हसतोय."

एवढं बोलून तो शर्टाचं बटण फिरवत राहिला... मी लाजायला हवं होतं. मला घाम फुटला. कारण त्याच सकाळी मी त्याच्यावर चिठ्ठी टाकली होती.

चिठ्ठी म्हणजे गॅदरिंगचा फिशपॉन्ड. आठ दिवस आधी जिन्याखाली कुलूपबंद खोका ठेवत. ज्याची टर उडवायची त्याच्यावर बिननावाची चिठ्ठी टाकायची; गॅदरिंगला त्या सगळ्या स्टेजवरून वाचल्या जात. हिलाल पाचोऱ्याकडचा. मराठी स्वच्छ बोलायचा, पण गांगरला की 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. मी लिहिलं होतं: 'हिलालच्या प्रत्येक वाक्याला शे असतो. वट नसते.'

मैत्रिणी लोळल्या होत्या. मीही हसले होते, जरा जास्तच. मी सावद्याची. घरी आमचं 'मले' आणि 'तुले'. कॉलेजात मी ते दोन वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं. लोक 'शे'ला हसत होते तोवर माझ्याकडे कुणाचं लक्ष जाणार नव्हतं.

त्यानंतर तो रोज स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालू लागला. माझी वही उतरवायला नेली, परत देताना म्हणाला, "तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. तुझ्या 'ट'ची मान मोडलेली शे—" थांबला. कानाच्या पाळ्या लाल. "आहे."

"शे चालेल," मी म्हणाले.

"हसणार नाहीस?"

"...नाही."

वटमध्ये 'ट' असतो, हे मला रात्रभर आठवत राहिलं.

सकाळी मी शिपाईण बेबाबाईंना गाठलं. "मावशी, खोका उघडा ना. एकच चिठ्ठी काढायची आहे."

"किल्ली सरांकडे शे," त्या म्हणाल्या. "सकायपाईन दहा जणी ई ग्यात." म्हणजे सकाळपासून माझ्यासारख्या दहा जणी येऊन गेल्या होत्या.

त्यात भर म्हणजे, चिठ्ठ्या वाचायला सरांनी हिलाललाच निवडलं. त्याने तोंड उघडलं की निम्मे लोक आपोआप हसतील, असा त्यांचा अंदाज.

गॅदरिंगला मी तिसऱ्या रांगेत होते. एकेक चिठ्ठी निघत होती, एकेकाचं तोंड उतरत होतं. मग हिलालने एक उघडली आणि अक्षर पाहून थबकला. वगळ... वगळ ना... त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकही शब्द न गाळता, वाचली.

हॉल हशाने कोसळला. लोक बाकं बडवत होते. तो कागदाची घडी घालत उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी उठले. "ती चिठ्ठी माझी आहे!" ओरडले. "मले वाटलं—"

मले.

 मग पुन्हा हशा, आणि आता तो सगळा माझा होता. दोन वर्षं जपलेलं सगळं एका शब्दात गेलं. मैत्रिणी सर्वांत मोठ्याने हसत होत्या. हिलाल मात्र हसत नव्हता. हात वर करून त्याने हॉल गप्प केला.

"पुढे बोल," तो म्हणाला. "माले ऐकनं शे."

"मले वाटलं, तुले हसले की मले कोणी हसणार नाही," मी म्हणाले. "माफ कर."

तो पुढे झुकला, माइकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "माफ तर केव्हाच करेल शे. तू माले आवडस."

आमच्या कॉलेजच्या माइकवर हात ठेवला की त्याचा आवाज वाढत असे.

पुढची चिठ्ठी कँटीनच्या कचोरीवर होती. तिला आमच्यापेक्षा मोठा हशा मिळाला.