सुटा पाना

पाना पडला तो तिच्यापासून हातभर अंतरावर. वरून कुणीतरी ओरडलं, तेवढ्यात संरक्षक जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून सटकून तो वाळूच्या ढिगात रुतला. ती जागची हलली नाही. पाय लटपटत होते म्हणून हलली नाही. लोकांना वाटलं, बाई भारी खंबीर आहे.

"कुणाचा?" तिनं विचारलं.

एरवी अशा वेळी साइटवर सगळ्यांची दातखीळ बसायची. पण इमारतीभोवती लोखंडी परांची बांधणारा एक उंच तरुण सगळे मजले धडाधड उतरून समोर आला. "माझा. दोरी बांधायची राहिली... तुम्हाला — लागलं नाही ना?"

ती साइटची सुरक्षा अधिकारी. टोपी घाला, हत्यारं पट्ट्याला बांधा, असा दिवसभर जप. त्यावरून नाव पडलं टोपीमॅडम. ती जेवणाच्या शेडमध्ये शिरली की गप्पा बंद व्हायच्या आणि सगळ्यांचे हात डोक्यावरच्या टोपीकडे जायचे. म्हणून ती सामानाच्या खोलीत एकटीच डबा उघडायची. संध्याकाळी ताईचा फोन यायचा, "कुणाबरोबर जेवलीस गं?"

"सगळ्यांबरोबर," ती बेधडक ठोकून द्यायची आणि मग भाड्याच्या खोलीत पंख्याची घरघर ऐकत बसायची. फार एकटं वाटायचं तिला.

नियमाप्रमाणे तिनं त्याला आठवडाभर खाली ठेवलं. काम काय, तर तीच फाटकी जाळी शिवायची, तिच्या देखरेखीखाली.

"मॅडम, तुम्ही कधी हसता की नाही?"

"रविवारी."

"रविवारी तर साइट बंद असते."

"म्हणूनच."

दुसऱ्याच दिवशी तो डबा घेऊन सामानाच्या खोलीच्या दारात. "शेडमध्ये जागाच नाही," म्हणाला. शेडमधली बाकडी अर्धी रिकामी होती, हे तिनं येतानाच पाहिलं होतं. तिनं सिमेंटच्या गोण्यांवरचा आपला डबा थोडा सरकवला.

आठवडा कसा सरला, कळलंच नाही. सोमवारी तो वर जायला रांगेत उभा राहिला. प्रत्येकाचा पट्टा ती स्वतः तपासायची. त्याच्या पान्याला हात लावला, तर दोरी नुसतीच लोंबत होती. पाना सुटा म्हणजे माणूस खाली, आणखी एक आठवडा. तिला आधी आनंदच झाला. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो ओशाळला नव्हता, वाट बघत होता.

"मुद्दाम?"

"हो... मी वर गेलो की तुम्ही परत एकट्या जेवणार."

तिचा पारा चढला. परांचीखाली बायका घमेली भरत होत्या. "आणि हा त्यांच्या डोक्यात पडला असता तर?"

"तुम्ही तपासणार, माहीत होतं ना."

"माझं लक्ष नसतं तर? हल्ली —" ती अडखळली. "हल्ली नसतं माझं लक्ष."

तो पहिल्यांदाच शरमला. तिनं त्याच्या पान्याला गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"खाली राहायचं असेल तर तोंडानं सांगायचं. हत्यार सुटं ठेवायचं नाही. जा वर."

तो मान खाली घालून निघाला. चार पावलं गेला असेल, तोच मागून तिचा आवाज आला, "जेवायला फाटकाबाहेर या."

दुपारी फाटकाबाहेरच्या पाइपांवर दोघं बसले. तिनं हनुवटीखालचा पट्टा सोडला.

"टोपी काढताय?" तो दचकला.

"फाटकाबाहेर सक्ती नाही."

त्यानंही टोपी काढली. दोघांनी एकमेकांचे केस आजवर पाहिलेच नव्हते. तिचे घामानं चप्प बसलेले, कपाळावर टोपीचा वळ. तो बघतच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. मला वाटायचं, टोपी जन्मापासूनच आहे."

ती खळखळून हसली.

"आज सोमवार आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी ताईनं विचारलं, "कुणाबरोबर जेवलीस गं?"

"एकाबरोबर," ती म्हणाली.