पुतळाबाईची तबकडी

मानकोली नाक्यावरच्या ऑफिसच्या काचेवर 'मेघाली तरे, खाजगी तपास' असं ठळक रंगवलेलं होतं. खाली, पेंटरला जागा उरली तेवढ्यात, 'सहायक : विपुल मढवी'. विपुलला ती पाटी रोज खुपायची. गोदामातला माल चोरीला गेला की ट्रकांमागे उन्हातान्हात तो धावायचा, आणि मालक येऊन हात जोडायचे ते मेघालीला.

त्या दुपारीही तेच झालं. दार उघडून आलेली मुलगी त्याला ओलांडून थेट टेबलापाशी गेली.

"ताई, माझ्या आजीची तबकडी कुणीतरी फोडली. आज संध्याकाळी तिचा सत्कार आहे आणि पोरं एका माणसाला मारायला निघालीत. तुम्ही आत्ता चला."

"कुठली तबकडी?" विपुलने विचारलं.

"'खाडीपल्याड दिवा' या गाण्याची," मेघाली चपला घालत म्हणाली. "ही पुतळाबाई भोईरांची नात. उन्नती ना तू?"

आता विपुललाही आठवलं. साठच्या दशकात ते गाणं रेडिओच्या फर्माइशीत महिनोन्‌महिने पहिल्या नंबरावर होतं. ठाण्यापासून अलिबागेपर्यंत लग्नाचा एकही मांडव त्याच्याशिवाय होत नव्हता. गायलं होतं दोघांनी, काल्हेरची पुतळा आणि वळगावचा रामनाथ पेटीवाला. पुढे काळ बदलला, तबकड्या भंगारात गेल्या. कंपनीकडेही मूळ रेकॉर्डिंग उरलं नाही. मग गेल्या वर्षी उन्नतीने तेच गाणं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर टाकलं आणि लाखो लोकांनी ऐकलं. लोक विचारू लागले, मूळ गाणं कुठंय? एकच तबकडी शिल्लक होती, पुतळाबाईंच्या कपाटात. ती आज सर्वांसमोर वाजणार होती.

गाडीत उन्नती म्हणाली, "आजी कुणाला हात लावू द्यायची नाही. लहानपणी एकदाच माझ्या हातात दिली होती. मी सहज वाकवून बघितली, तर पाठीत धपाटा बसला."

"तुझ्या व्हिडिओखाली काय काय लिहितात लोक?" मेघालीने विचारलं.

उन्नतीचा चेहरा उतरला. "की आजीची सर मला नाही. ज्यांनी मूळ गाणं ऐकलेलंसुद्धा नाही ते लिहितात." मग म्हणाली, "राग येतो, ताई. पण सकाळपासून मी आजीबरोबर देवळात होते. आम्ही परत आलो तेव्हा सगळं झालेलं होतं."

विपुलने मनातल्या संशयितांच्या यादीत तिच्या नावावर फुली मारली. मग तिचा राग आठवून ती अर्धीच ठेवली.

*

काल्हेरला भोईरांच्या घरामागे गोदामांची रांग होती. दिवसभर कंटेनर जायचे आणि त्यांची धूळ घरात येऊन बसायची. अंगणात मांडव होता, ठाण्याहून आणलेला रेकॉर्ड प्लेअर टेबलावर झाकून ठेवला होता. एका खुर्चीत पन्नाशीचा एक माणूस मान खाली घालून बसला होता, भोवती गावातली पोरं.

"हाच तो," एक जण म्हणाला. "मनोज. रामनाथ पेटीवाल्याचा मुलगा. सकाळी हाच आला होता."

विपुलला तो माणूस पाहताक्षणीच गुन्हेगार वाटला. मेघाली मात्र त्याच्याकडे न थांबता आत गेली.

माजघरात पुतळाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "मना नका दाखवू ते तुकडे," त्या म्हणाल्या. "दिसायचं न्हाय आनि बघवायचं बी न्हाय."

कपाट उघडं होतं. चावी कायम वरच्या फळीवर, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. खाली लादीवर काळे तुकडे पडले होते, जाडसर, कौलाच्या खापरीसारखे. शेजारी तबकडीचं कागदी पाकीट, त्यावर तरुण पुतळा आणि पेटीवर बोटं ठेवलेला हसरा रामनाथ. मेघालीने एक लांबट तुकडा उचलून पाकिटाजवळ धरला, परत ठेवला. दुसरा धरला. मग गुडघे टेकून कपाटाखाली हात घालून चाचपलं.

"काय शोधतेस?"

"मधला भाग. ज्यावर गाण्याचं नाव असतं."

"असेल कुठंतरी," विपुल म्हणाला. तुकडे मोजत बसण्यात त्याला अर्थ वाटेना. त्याने खोली न्याहाळली. भिंतीवर ओळीने फोटो होते, सासू-सासरे, देवी, नातवंडं, सगळ्यांच्या काचांवर गोदामाची धूळ. फक्त पुतळाबाई आणि त्यांचे यजमान केसरीनाथ यांच्या लग्नाचा फोटो लखलखीत पुसलेला होता. सत्कारासाठी पुसला असणार, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला.

*

सगळ्यांत आधी बोलली शेजारची ठमाबाई. तुकडे पहिल्यांदा तिनेच पाहिले होते.

"मी फुलं द्यायला आयली. मांडवात टोपली टेकवली आनि आतमधी खळ्ळकन वाजलं. फुलं उतरवून आत जाऊन बघते तं ह्या तुकड्यांचा सडा. मागचं दार सताड उघडं."

"तुम्हीही त्या गाण्यात होतात ना, आजी?"

"झील धरली व्हती मी!" ठमाबाईचा आवाज चढला. "मांगून जो आवाज येते त्यो माजा. तबकडीवर माजं नाव न्हाय. आज सत्काराच्या बॅनरवर बी न्हाय. पुतलीला शाल, पुतलीला नारल. मना काय, फुलं आनायचं काम."

"मग राग येऊन तुम्हीच फोडली असेल," विपुल म्हणाला.

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अरे पोरा, त्या तबकडीवर माजा आवाज हाय. नाव नसंल, आवाज तं हाय ना? त्यो बी गेला तं माजं काय उरलं?"

मेघाली हसली. "केसरीनाथआजोबांना गाण्याची आवड आहे का हो?"

"त्याला? लगनात परातीएवढा गान्याचा तवा आनला व्हता तिच्यासाठी, शहरातलं कसलं गानं. घरान वाजवायला ग्रामोफोन न्हाय आनि नवरा तवा घेऊन आयला! आमी किती हासलो." ठमाबाईने आवाज खाली आणला. "आनि कंपनीची मानसं पुतलीला परत गायला न्यायला आयली, तं यानीच त्यांना दारातनं लावून दिलं. परत ती कवा गायली न्हाय."

मनोजने लपवाछपवी केली नाही. "आलो होतो सकाळी. याआधीही आलो होतो. बाबा गेले तेव्हा मी रांगत होतो. फोटो आहे त्यांचा, आवाज नाही. एकदा ऐकवा, एवढंच मागत होतो. आजोबा म्हणाले, संध्याकाळी सगळ्यांबरोबर ऐक. मी निघून गेलो."

"राग नाही आला?"

"आला. माझ्या बापाचा आवाज दुसऱ्याच्या कपाटात बंद आणि तो ऐकायला मी रांगेत उभा राहायचं. तुम्हाला नसता आला?"

"बघ," बाहेर येताच विपुल म्हणाला. "हेवा. मला मिळत नाही तर कुणालाच नको. मला कळतं असलं."

"तुला कसं कळतं?"

विपुल ओटीकडे वळला.

केसरीनाथ ओटीवर झोपाळ्यात बसले होते. पांढरी बंडी, उजवा हात बंडीच्या खिशात. बोलताना त्यांनी तो एकदाही बाहेर काढला नाही.

"आजोबा, सकाळी तुम्ही इथेच होता?"

"हितंच. त्यो पेटीवाल्याचा पोर्‍या आयला नि गेला. मग फुटल्याचा आवाज आयला. मांगच्या दारानं शिरला असंल."

"तुम्ही आत गेला नाहीत?"

"गुडघं धरलेत. आनि बघायचं काय? झालं ते झालं. त्या पेटीवाल्याचं गानं कवातरी सपायचंच व्हतं."

"गाणं पुतळाआजींचंही होतं."

म्हाताऱ्याने झोपाळ्याला रेटा दिला. "लोकं दोघांचंच नाव घेतात, जोडीनं. पुतला-रामनाथ. लगन कोनाशी झायलं ते कुनी इचारत न्हाय."

*

मेघालीने सगळ्यांना माजघरात बोलावलं. पुतळाबाई उठून भिंतीला टेकून बसल्या. मनोज दाराशी उभा राहिला, पोरं त्याच्यामागे. केसरीनाथ काठी टेकत आले आणि कुणाकडे न बघता बसले.

"आधी एक चांगली गोष्ट सांगते," मेघाली म्हणाली. "पुतळाआजींची तबकडी फुटलेली नाही."

ठमाबाईच्या तोंडून "अगो बाय!" निघालं. मेघालीने पाकीट आणि एक तुकडा उचलला.

"हे पाकीट माझ्या वितीएवढं. आणि हा एकच तुकडा बघा, पाकिटाबाहेर चार बोटं येतो. तुकडाच जर पाकिटात मावत नाही, तर आख्खी तबकडी कशी मावत होती? ही दुसरीच तबकडी आहे, जुन्या पद्धतीची, मोठी आणि ठिसूळ. पडली की कौलासारखी फुटते. आजींची तबकडी प्लास्टिकची. उन्नतीने ती लहानपणी वाकवली होती. वाकते ती वस्तू अशी खळ्ळकन फुटत नाही."

तुकडा विपुलनेही पाहिला होता, पाकीट त्यानेही पाहिलं होतं.

"मधला भाग गायब आहे, कारण त्यावर दुसऱ्याच गाण्याचं नाव होतं. फोडणाऱ्याला सगळ्यांची खात्री पटवायची होती की गाणं संपलं. मागचं दार उघडं ठेवलं ते बाहेरचा कुणी आला असं वाटावं म्हणून. ठमाआजींना आपला आवाज संपवायचा नव्हता. उन्नती आजीबरोबर होती. मनोजकाकांना तबकडी हवी होती, पण बदल्यात फोडायला असली जुनी मोठी तबकडी त्यांनी आणायची कुठून? या घरात मात्र एक होती. परातीएवढी. लग्नात आणलेली."

पुतळाबाईंनी धूसर नजर नवऱ्याच्या दिशेला वळवली.

"आणि आजोबा, गुडघे धरलेल्या माणसाला लांब जाता येत नाही. लपवायचं ते याच खोलीत. भिंतीवर एवढे फोटो, सगळ्यांवर धूळ. एकच फोटो आज कुणीतरी हाताळलाय आणि बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून पुसलाय. सत्कारासाठी पुसायचे, तर सगळेच पुसले असते. विपुल, तो लग्नाचा फोटो खाली काढ."

विपुलने फोटो काढला. मागच्या पुठ्ठ्याचे बारीक खिळे नुकतेच वाकवलेले होते. पुठ्ठा आणि फोटोच्या मध्ये, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, लहानशी काळी तबकडी होती. धड, शाबूत.

केसरीनाथांनी खिशातला हात बाहेर काढला. तळव्यावर मोठ्या तबकडीचा मधला भाग होता, त्यावरचा लाल कागद विटलेला. तो त्यांनी हळूच जमिनीवर ठेवला.

"मीच," ते म्हणाले. "तीच फोडायला घेतली व्हती. हातात घेतली, नि फोडवली न्हाय. हिचा आवाज बी हाय ना तिच्यान. म्हनून माजी फोडली. तिला कोन इचारतंय?"

"आनि रामनाथाच्या पोराला मारायला उभा केलात?" पुतळाबाई म्हणाल्या.

"चुकलो."

"मना न्हाय, त्याला सांगा."

म्हातारा काठीवर भार देऊन उठला. मनोजसमोर उभा राहिला. त्याने नुसते हात जोडले. मनोज अवघडून मागे सरला.

"सगलं आविष्य ह्याच्यापायी जाललंत तुमी," पुतळाबाई मागून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण खोलीभर ऐकू गेला. "रामनाथाशी मी एक गानं गायली. कंपनीच्या लोकांनी सांगितलं तिथं उभी ऱ्हायली, गायली, घरी आयली. तुमच्याशी जलमभर भांडली, चार पोरं वाढवली, तुमचं गुडघं चोळलं. त्याची तबकडी कुनी काढली न्हाय म्हनून ते खोटं झायलं? आनि माजं गानं तुमी बंद केलंत. तवा मी गप ऱ्हायली, ती चूक माजी."

केसरीनाथ परत खाली बसले.

विपुलला वाटलं होतं, असल्या माणसाचा राग येईल. त्याला स्वतःच्या ऑफिसची काच दिसत होती. गोदामवाल्यांशी बोलताना मेघाली दर वेळी 'आम्ही दोघांनी' म्हणते, हे त्याने ऐकलं होतं, आणि तरी रोज फक्त अक्षरांची उंचीच मोजली होती.

"त्यो प्लेअर आत आना," पुतळाबाई म्हणाल्या. "लोकांना सांजच्याला. आधी घरान वाजंल."

पोरांनी प्लेअर आणला, उन्नतीने तबकडी ठेवली. सुई टेकली तसा आधी नुसता खरखराट आला, मग पेटी. आणि मग एका तरुण पुरुषाचा आवाज, मोकळा, किंचित खर्जातला, खाडीवरून हाक मारावी तसा.

मनोजने दाराची चौकट धरली. पन्नाशीचा तो माणूस डोळे मिटून उभा राहिला. पुतळेचा आवाज आला, झिलीतून ठमाबाई आली आणि खोलीतली ठमाबाईही आपसूक गुणगुणली. मनोजला त्यातलं काही ऐकू जात नसावं. तो पुन्हा पुरुषाच्या कडव्याची वाट बघत होता. ते आलं तेव्हा तो पुटपुटला, "बाबा."

केसरीनाथ त्याच्याकडे बघत होते. जन्मभर ज्या आवाजाशी भांडले, तो आवाज एका पोरक्या पोराचा बाप होता, हे जणू आत्ता कुणी त्यांना सांगत होतं.

गाणं संपलं. सुई खरखरत राहिली. उन्नती ती उचलायला वाकली. मनोजने डोळे पुसले, काहीतरी मागायला तोंड उघडलं, आणि भरल्या खोलीची लाज वाटून मिटून घेतलं.

केसरीनाथांनी काठी जमिनीवर आपटली.

"परत लाव गो," ते नातीला म्हणाले. "त्याला अजून ऐकायचं हाय."