इलाहीभाईंचा टॉवेल

पोत्याची शिवण उसवली आणि फहमिदाच्या अंगावर भाताचा कोंडा बदाबदा कोसळला.

साल चौऱ्याऐंशी. मुळशीतल्या पौडच्या बाजारामागं आंब्याला टांगलेल्या त्या पोत्याला अलाउद्दीन सायकलवाला रोज शंभर लाथा मारायचा. त्या सकाळी त्यानं एक जादा मारली, आणि फहमिदा नेमकी तेव्हाच अब्बांचा डबा घेऊन चालली होती.

"डोळे हायेत का पंक्चर झाल्यात?"

"बरे हायेत की... म्हणून तर लाथ चुकली."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण तोंडात कोंडा होता.

"त्या पोत्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"किकबॉक्सिंग हाय ह्ये. पुण्याला शिकतोय. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचंय."

"आधी पोतं तरी धड शिवा!"

दुसऱ्या दिवशी पोतं दुहेरी टाके घालून आंब्याखाली हजर. शिंप्याच्या पोरीला उसवलेलं बघवत नाही, एवढंच — असं तिनं स्वतःला सांगितलं. मग पोतं आठवड्याला उसवू लागलं, नंतर दिवसाआड. लाथेनं उसवलेली शिवण कुठली आणि ब्लेडनं उसवलेली कुठली, हे तिला कळत होतं. तरी ती शिवत राहिली. दोरा मात्र लाल वापरू लागली.

अलाउद्दीनच्या घरून मागणी आली तेव्हा तिचे अब्बा, इलाहीभाई शिंपी, भडकले. तरुणपणी त्यांनी जत्रांचे आखाडे गाजवले होते. मोडलेला कान अजून साक्षीला होता.

"लाथा तर गाढवं बी मारत्यात! ती आंतरराष्ट्रीय का काय ती जिंकून दाखव म्हणावं. मग पोर देतो."

हे काही घडत नाही, याची त्यांना खात्री होती. पण अलाउद्दीन फायनलला पोचला. समोर नेपाळचा टेकबहादूर. आणि संयोजकांना ऐनवेळी समजलं, की पुण्यातला हॉल त्याच दिवशी एका लग्नालाही दिलाय! पौडचे सरपंच हैबतराव म्हणाले, "आमच्याकडं जत्रेचा आखाडा तयार हाय की!"

म्हणून लाल मातीभोवती दोर बांधून आंतरराष्ट्रीय फायनल पौडला झाली. अलाउद्दीनचे गुरुजी सवयीनं जुन्याच हॉलवर गेले आणि लग्नाच्या पंगतीत बसले. आता त्याच्या कोपऱ्यात बादली-टॉवेल घेऊन कोण थांबणार? हैबतरावांनी इलाहीभाईंना ओढून आणलं. "आखाडा कळणारा गावात दुसरा कोण हाय, भाई?"

फहमिदा बायकांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी. ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. अलाउद्दीननं एकदाच तिच्याकडं पाहिलं, आणि तेवढ्यात नाकावर ठोसा खाल्ला.

"अहो, समोर बघा!"

चारशे माणसांत "अहो" म्हणून बसली! बायका खुसखुसल्या. इलाहीभाईंनी मान वळवली...

अलाउद्दीननं मात्र समोर पाहिलं. तिसऱ्या फेरीत त्याची लाथ अशी बसली, की टेकबहादूर गुडघ्यावर आला. टोप्या उडाल्या, फेटे उडाले. इलाहीभाईंच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा आखाडा संचारला.

"शाब्बास, माझ्या वाघा!"

— आणि फेटा समजून त्यांनी टॉवेल आभाळात भिरकावला. तो गरगरत बरोबर मातीच्या मधोमध पडला.

पंचांनी टेकबहादूरचा हात वर केला.

"आवं, जिंकतुया आमचा पोरगा!" हैबतराव ओरडले.

"कोपऱ्यातून टॉवेल आत पडला, म्हणजे त्या बाजूनं हार मानली," पंच म्हणाले. "जगभर हाच नियम आहे."

"मुळशीत न्हाई!"

पण निकाल फिरला नाही. चषक नेपाळला गेला. टेकबहादूर जबडा चोळत सारखा मागं वळून बघत होता. आपण जिंकलो कसे, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अलाउद्दीन मातीत बसून होता. फहमिदा ट्रॉलीवरून उतरली, दोराखालून वाकून आत गेली. सगळं गाव बघत होतं, पण तिची जीभ जाग्यावर होती.

"अब्बा, सामना कोण हरलं?"

इलाहीभाई मातीतल्या टॉवेलाकडं बघू लागले.

"ह्ये हरले का... तुमी?"

"नियमच तसला खुळा हाय," इलाहीभाई पुटपुटले.

"चाचा, ऱ्हाऊ द्या," अलाउद्दीन म्हणाला. "तुमी वाघ म्हणालात. कालपतुर गाढव व्हतो."

इलाहीभाईंनी टॉवेल उचलला, माती झटकली, त्याच्या खांद्यावर टाकला. मग गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या छातीला लावली.

"ह्ये काय, चाचा?"

"शेरवानीचं माप. फुगवू नको. हरलेल्या माणसाची छाती येवढी नसती."

अलाउद्दीननं फहमिदाकडं पाहिलं. छाती काही खाली येईना. शेवटी इलाहीभाईंनी दोन इंच जास्तच धरले.