आवराआवरीची पंधरा मिनिटं

काचेपलीकडे अठ्ठावीस मुलं काम करत होती आणि चिमटाभर कचरा कुठे दिसत नव्हता. अलीकडे, निरीक्षणकक्षात, डॉ. श्रीरंग उपासनी आपल्या लहानपणीच्या शाळेतल्या बाईंना खुर्ची देत होते. कुमुदिनी तांडेल बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांना खुर्ची नको होती. त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"हा स्वयंआवर वर्ग, बाई," श्रीरंग म्हणाले. "म्हणजे तुमचाच वर्ग. फक्त हा स्वतःला आवरतो."

उद्या सकाळी निवड समिती येणार होती. तिने मान डोलावली की राज्यभर चाळीस हजार वर्ग असेच होणार होते. अहवालाच्या पहिल्या पानावर बाईंचं नाव होतं, आणि त्याखाली त्यांची सही हवी होती. काचेपलीकडे तिसऱ्या टेबलावर श्रीरंगांची मुलगी ऋता बसली होती. नऊ वर्षांची. बालवर्गापासून, म्हणजे पाच वर्षं, ती याच खोलीत शिकत होती.

"समजावून सांग," बाई म्हणाल्या. "सोप्या शब्दांत. मी शास्त्रज्ञ नाही."

"मुलाला कल्पना सुचते, मग तो कात्री शोधायला लागतो. आम्ही मोजलं. साधारण अकरा सेकंदांत कात्री सापडली नाही, तर कल्पना विरते. मूल दुसऱ्याचं बघून करायला लागतं. तुमच्या वर्गात प्रत्येक वस्तूला जागा होती, म्हणून आम्हाला अकरा सेकंद कधी लागलेच नाहीत. इथे तर तीनसुद्धा लागत नाहीत. मुलाचा हात कुठे वळतोय हे खोली ओळखते, तो खण उजळतो, आणि वस्तू पुढे येते."

"आणि हुशारी मोजता कशी?"

"नवता-अंक. मुलानं केलेली वस्तू आधीच्या लाखो वस्तूंशी ताडून बघायची. जितकी वेगळी तितके गुण. राज्याची सरासरी एकतीस आहे. आमची एकाहत्तर." एवढं बोलून श्रीरंग थांबले. बाईंनी पाठ थोपटावी म्हणून ते पंचेचाळिसाव्या वर्षीही थांबत असत.

बाईंनी काही थोपटलं नाही. त्या खणांवरच्या अक्षरपट्ट्या वाचत होत्या. 'ओल्या झाल्या की आवाज बदलणाऱ्या वस्तू.' 'एका बाजूनेच गुळगुळीत.' त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

"हे छान आहे. कुठल्या पोराचं?"

"पोराचं नाही. खोलीच लिहिते. पहिल्या वर्षी नुसतं 'कागद', 'दोरे' असं लिहायची. आता बघा कुठे पोचली."

"मग आवरतं कोण?"

"खोलीच. मुलं घरी जाताना सगळं त्या परत-खिडकीत टाकतात. सकाळपर्यंत सगळं जागच्या जागी. तुमच्या वेळी शेवटची पंधरा मिनिटं आवरण्यात जायची ना, ती वाचली. वर्षाचे पन्नास तास, बाई."

बाई आता खुर्चीवर बसल्या.

"श्रीरंग, माझा वर्ग तू कशावरून उभा केलास?"

"फोटोंवरून. तपासणीच्या वेळी काढलेले दोनशे बारा फोटो मिळाले. कुठलं फडताळ कुठे, कुठली बरणी कितव्या फळीवर, सगळं त्यांत आहे."

"साहेब यायचे अकराला. फोटो काढून, चहा घेऊन बाराला जीप निघायची. तासगावच्या पुढची ती वाडी, पाच वाजेपर्यंत कोण थांबतंय. तेव्हा आवराआवरीचा फोटो कुणीच काढला नाही. पण अरे, तू तर वर्गात होतास."

श्रीरंग हसले. "भांडणं आठवतात फक्त."

"तेच म्हणते मी. कशावरून भांडायचात?"

त्यांना आठवायला वेळ लागला. मग आठवलं, आणि हसू गेलं. अर्धी फुटलेली बांगडी होती. ती काचेच्या बरणीत जाणार की गोलांच्या? तीन दिवस वाद चालला होता. चौथ्या दिवशी दहा वर्षांच्या श्रीरंगने ती मातीत उभी रोवली, तिच्याखालून मुंगी जाऊ दिली आणि म्हणाला, ही काच नाही, गोल नाही, हा पूल आहे. बाईंनी पुलांसाठी नवी बरणी दिली. त्या आठवड्यात वर्गात सतरा पूल झाले.

"वस्तू वापरताना पोर तिच्याकडे एकदाच बघतं," बाई म्हणाल्या. "ठेवताना दुसऱ्यांदा बघतं. ही नक्की आहे काय, कुणासारखी आहे, कुणाशेजारी बसेल, हे तेव्हा ठरवावं लागतं. सुचणं म्हणजे दुसरं काय असतं? नीटनेटका वर्ग हवाच रे. मी काही पसाऱ्याची भक्त नाही. पण तो नेटकेपणा पोरांनी कमावलेला होता. तुम्ही नेमकी ती पंधरा मिनिटं वाचवलीत."

"पण अंक एकाहत्तर आहे, बाई."

"मदत बंद करून मोजलास कधी?"

मोजला नव्हता. पाण्यात सोडल्याशिवाय पोहणं मोजू नये एवढी अक्कल त्यांना होती, पण मुलीच्या वर्गात ती चालवायची राहून गेली होती. त्यांनी कळ दाबली. खणांचे दिवे विझले.

बाई आत गेल्या आणि त्यांनी खांद्यावरची कापडी पिशवी जमिनीवर पालथी केली. घड्याळाला द्यायची किल्ली, रिकामी काडेपेटी, कंदिलाची वात, पाटीवरची पेन्सिल, आणि अर्धी बांगडी. तीच. बाई काही टाकून देत नसत.

"यांना घर शोधून द्या," त्या मुलांना म्हणाल्या. "कुठेही ठेवा. फक्त का ठेवलं ते सांगायचं."

मुलं शांत बसली. एक मिनिट गेलं, चार गेली. कुणी पुढे वाकलंसुद्धा नाही. मग ऋताने हात वर केला.

"आजी, खण अजून उजळला नाही."

"उजळणार नाही बाळ. तूच ठरव."

ऋताने बाईंकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. तिला बाबा दिसत नव्हते, तिच्या बाजूने तो आरसा होता. ती उठली, सगळ्या वस्तू तिने ओंजळीत घेतल्या, परत-खिडकीत टाकल्या आणि जागेवर येऊन हाताची घडी घालून बसली. बाकीची मुलं समाधानाने तिच्याकडे बघत होती. काम चोख झालं होतं.

निरीक्षणकक्षात श्रीरंगांना रडू आलं. लाजही वाटली आणि स्वतःचा संतापही आला. पाच वर्षं ते या काचेमागून मुलीकडे कौतुकाने बघत होते, आणि कौतुक भलत्याचंच होतं.

"उद्या सांगतो मी समितीला," बाई बाहेर आल्यावर ते म्हणाले. "सगळं."

"सांग," बाई म्हणाल्या. सही न करता त्यांनी कागद परत दिला.

आणि खरंच सांगितलं त्यांनी. सकाळी बाईंच्या देखत, समितीच्या अध्यक्षा रेगे मॅडम खोलीत फिरत असताना श्रीरंगांनी आदल्या दिवसाचं चित्रण लावलं, ऋताची ओंजळसुद्धा दाखवली. मॅडमनी मान हलवत ऐकलं. ऐकता ऐकता त्या एका खणापाशी थांबल्या. तो काल नव्हता. पट्टीवर लिहिलं होतं: 'ज्यांच्याखालून जाता येतं.' आत अर्धी बांगडी उभी होती.

"पस्तीस वर्षं मी ही बांगडी पोरांपुढे टाकली," बाई हळूच म्हणाल्या. "दोघांनाच सुचलं. एक तू."

श्रीरंगांनी पट्टी पुन्हा वाचली. रोज संध्याकाळी ज्याला आवरायला मिळतं त्यालाच सुचायला लागतं, हे बाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं होतं. पाच वर्षं न चुकता आवराआवर करणारा विद्यार्थी या वर्गात एकच होता.

"सत्त्याण्णव!" रेगे मॅडमनी हातातल्या पडद्यावर त्या खणाचा नवता-अंक वाचला. "उपासनी, राज्यात एवढा अंक आजवर कुणाचा आलेला नाही."

"तो मुलांचा नाही, मॅडम. खोलीचा आहे."

"वर्गाचाच ना? नियमात 'वर्गात निर्माण झालेली वस्तू' असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय." त्या हसल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका. शोध लावणाऱ्याला आपल्या कामात खोटच दिसते." आणि त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, चाळीस हजार वर्गांवर सही केली.

घंटा झाली. मुलं आत आली आणि दाराशीच खोळंबली. तिथल्या अठ्ठावीस खुंट्यांवर त्यांचे नावांचे बिल्ले टांगलेले असत. घरी जाताना काढून परत-खिडकीत टाकायचे, सकाळी खुंटीवरून घ्यायचे, असा रिवाज होता. आज खुंट्या रिकाम्या होत्या.

बिल्ले श्रीरंगांना सापडले. बांगडीच्या खालच्याच खणात होते ते. घड्याळाची किल्ली, रिकामी काडेपेटी, कंदिलाची वात, पाटीवरची पेन्सिल, आणि त्यांच्या शेजारी नीट रांगेत लावलेले अठ्ठावीस बिल्ले. खोलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिने वस्तू पाहिल्या होत्या, सारख्या होत्या त्या एकत्र ठेवल्या होत्या, आणि पट्टीवर कारण लिहिलं होतं: 'ज्यांचं काम आता दुसरंच कुणी करतं.'

पट्टी झाकायला श्रीरंगांनी हात पुढे केला, पण ऋता शेजारी येऊन उभी होती आणि तिला उत्तम वाचता येत होतं. तिने पट्टी वाचली. पहिल्या रांगेतला आपला बिल्ला ओळखला.

"घे ना," श्रीरंग म्हणाले. "तुझा आहे तो. उचल आणि हवा तिथे लाव."

ऋताचा हात खणापर्यंत गेला आणि थांबला. तिने तो मागे घेतला.

"नको बाबा," ती म्हणाली. "त्याची जागा तीच आहे." आणि ती तिसऱ्या टेबलापाशी जाऊन, हाताची घडी घालून, खण उजळायची वाट बघत बसली.